ओवेच्किन, लाइने आणि मॅथ्यूज: गोलवीरांच्या तुलनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची लीग, पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सतत येत असतात. टोरांटो, न्यू जर्सीकडून येतात, तसेच पहाटे साडेचारला उठून सामना लावणाऱ्या पुणे-नाशिककरांकडूनही येतात. बहुतेकांचा रोख एकच असतो: एखादा विशीतला पोरगा धडाधड गोल करू लागला की त्याला अलेक्झांडर ओवेच्किनच्या शेजारी बसवायचं का? खालची उत्तरं सुटी सुटी वाचता येतील. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्याला लागतो तिथे क्रमांक दिला आहे. एकूण बेरजा सांगितल्या आहेत त्या २०२४-२५ च्या साखळी हंगामाअखेरच्या.

१. ही तुलना नेमकी कोणाची?

मुख्यतः दोघांची. एक ओवेच्किन: जन्म मॉस्कोत, १७ सप्टेंबर १९८५, २००५ पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सकडे, आणि आता एनएचएलच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा. दुसरा पॅट्रिक लाइने: जन्म फिनलंडमधल्या टाम्पेरेत, १९ एप्रिल १९९८, पहिला एनएचएल संघ विनिपेग जेट्स. २०१६ ते २०१८ या काळात लाइनेला सर्रास ‘पुढचा ओवेच्किन’ म्हटलं गेलं. तिसरं नाव ऑस्टन मॅथ्यूजचं. लाइनेच्याच ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत) टोरांटो मेपल लीफ्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, लाइने दुसरा. मॅथ्यूजशिवाय ही चर्चा पुरी होत नाही (प्र. १३ पाहा).

२. मला आपली मैदानी हॉकीच माहीत आहे. हे समजायला बर्फावरच्या हॉकीचं किती ज्ञान लागेल?

फार नाही. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन टप्पे, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती म्हणजे पक. कोणी नियम मोडला की तो सहसा दोन मिनिटं बाहेर बसतो आणि त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. समोरच्या संघासाठी हा ‘पॉवर प्ले’. सहसा पाच विरुद्ध चार. गोलवीरांचे बरेच गोल याच वेळात होतात. साखळी हंगाम प्रत्येक संघाला ८२ सामन्यांचा, त्यानंतर स्टॅनले कपसाठी, म्हणजे लीगच्या विजेतेपदासाठी, बाद फेरी अर्थात प्लेऑफ. हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मॉरिस ‘रॉकेट’ रिशार्ड करंडक मिळतो. ओवेच्किनने तो नऊ वेळा जिंकलाय, मॅथ्यूजने तीनदा, लाइनेने एकदाही नाही.

३. लाइनेला ‘पुढचा ओवेच्किन’ म्हणायला लोकांना कारण काय होतं?

कारणं भक्कम होती, उगाच उठवलेली हूल नव्हती. २०१६ च्या जानेवारीत हेलसिंकीत ज्युनियर विश्वविजेतेपद, वसंतात टाप्पारा संघाबरोबर फिनलंडची लीग, आणि मे महिन्यात रशियात झालेल्या मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान, तोही अठरा वर्षांचा असताना. ओवेच्किन आपला आदर्श असल्याचं लाइने स्वतःच सांगायचा. दोघंही उजव्या हाताचे. पॉवर प्लेवर दोघंही डाव्या फेस-ऑफ वर्तुळाजवळ (पक टाकून खेळ सुरू करतात त्या वर्तुळाजवळ) उभे राहून पास न थांबवता थेट फटका मारणारे.

त्यात १९ ऑक्टोबर २०१६ ची रात्र आली. विनिपेगमध्ये मॅथ्यूजच्या टोरांटोविरुद्ध जेट्स ०-४ ने मागे होते. सामना जिंकला ५-४ ने, ओव्हरटाइममध्ये. निर्णायक गोल लाइनेचा, आणि त्या गोलने त्याची हॅटट्रिकही झाली. आपल्याकडे दर दोन वर्षांनी कोणी तरी ‘पुढचा सचिन’ ठरतो. तिथल्या लोकांचंही त्या हिवाळ्यात तेच झालं, आणि त्यांना दोष देववत नाही.

४. आकड्यांत दोघांची सुरुवात कशी दिसते?

पहिल्या तीन हंगामांत ओवेच्किनचे गोल ५२, ४६, ६५. बेरीज १६३, सामने २४५. लाइनेचे ३६, ४४, ३०. बेरीज ११०, सामने २३७. मॅथ्यूजचे ४०, ३४, ३७. बेरीज १११, सामने २१२.

म्हणजे ओवेच्किन पहिल्यापासूनच वेगळ्या उंचीवर होता. पण २०१८ च्या एप्रिलमध्ये उभं राहून पाहिलं तर चित्र निराळं होतं. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल ओवेच्किनचे ४९, दुसरा क्रमांक लाइनेचा ४४. ओवेच्किन बत्तीस वर्षांचा, लाइने विशीही न गाठलेला. वारसदार ठरला, असं त्या वेळी म्हणणारे चांगले जाणकार होते.

५. दोन वर्षांत ८० गोल म्हणजे काही थोडके नाहीत. मग तुलना चुकली कुठे?

सगळ्यांनी गोल मोजले, शॉट मोजले नाहीत. तिथे चुकली.

पदार्पणाच्या हंगामात ओवेच्किनने गोलवर ४२५ शॉट मारले, सामन्यामागे पाचाहून जास्त. लाइनेचे पहिल्या वर्षी २०४, दुसऱ्या वर्षी २४१, तिसऱ्या वर्षी २४५. सामन्यामागे तीनच्या आतच. मग एवढे गोल आले कुठून? टक्केवारीतून. पहिल्या हंगामात लाइनेच्या शॉटपैकी १७.६ टक्के जाळ्यात गेले, दुसऱ्यात १८.३ टक्के. लीगमधल्या बऱ्या फॉरवर्डचा हा टक्का दहा-बाराच्या आसपास असतो. ओवेच्किनचा संपूर्ण कारकिर्दीचा टक्का तेराच्या आगेमागे आहे.

आता तिसरा हंगाम बघा. लाइनेचा टक्का उतरून १२.२ वर आला आणि ४४ गोलांचे ३० झाले. ओवेच्किनचा पदार्पणातला टक्का किती होता? तोही १२.२. ४२५ शॉटवर ५२ गोल, २४५ शॉटवर ३० गोल. भागाकार करून पाहा, दशांशापर्यंत जुळतो. नेमबाजी तंतोतंत सारखी आणि गोलांत बावीसचा फरक. त्या एका वर्षी लाइनेचं नशीब फिरलं असं लोक म्हणाले. माझं म्हणणं उलट आहे: त्या वर्षी तो ओवेच्किनइतकाच अचूक होता, फक्त त्याला ओवेच्किनइतके शॉट कधी मिळत नव्हते. आधीच्या दोन वर्षांत वाढीव टक्क्याने ती उणीव झाकली होती.

६. पण एवढे शॉट मारणं म्हणजे स्वार्थी खेळ नाही का?

हा आरोप ओवेच्किनवर उमेदीच्या काळात पुष्कळ झाला. २००८-०९ मध्ये त्याने ५२८ शॉट मारले. एका हंगामात त्याहून जास्त फक्त फिल एस्पोझिटोचे, १९७०-७१ मध्ये ५५०. पण शॉट नुसते ‘मारायचे’ ठरवून मारता येत नाहीत. पक आपल्याकडे यावा लागतो, तोही मोकळ्या जागेत, समोरचा बचावपटू अंगावर यायच्या आत. त्यासाठी दर खेपेला बर्फावर घासावं लागतं, कडेला धक्के खावे लागतात, सुटलेला पक परत मिळवावा लागतो. शंभर किलोहून जास्त वजनाचा ओवेच्किन धक्के खाण्यापेक्षा देण्यासाठीच ओळखला गेला, आणि त्यातूनच त्याला जागा मिळत गेली. पदार्पणाच्या वर्षी ५२ गोलांबरोबर त्याचे ५४ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, होते. दोन्ही मिळून १०६ गुण. स्वार्थी खेळाडूला सहसा असे आकडे जमत नाहीत.

लाइनेचं बलस्थान शॉट हेच होतं. पक मिळाला तर तो कोणाहून कमी नव्हता. पक मिळवण्याच्या खेळात मात्र तो ओवेच्किनच्या जवळपासही नव्हता. मला या दोघांमधला खरा फरक हाच वाटतो.

७. ओवेच्किन कुठे उभा राहतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. तरी त्याला अडवता कसं येत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडतो.

पॉवर प्लेचं चित्र डोळ्यांपुढे आणा. ओवेच्किन डाव्या वर्तुळाच्या वरच्या अंगाला उभा. तो उजव्या हाताचा असल्याने डाव्या बाजूला उभा राहिला की त्याच्या स्टिकचं पातं मैदानाच्या मध्याकडे उघडं राहतं. पक पलीकडच्या कडेला, म्हणजे वर्षानुवर्षं त्याचा संघसहकारी निक्लस बेकस्ट्रॉमकडे. गोलरक्षकाला पकाकडे तोंड करून त्या कोपऱ्यात उभं राहणं भाग असतं. मग पास आडवा निघतो. तो पोचेपर्यंत गोलरक्षकाला गुडघ्यावर घसरत एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जावं लागतं. ओवेच्किन पक थांबवत नाही. त्याचं पातं पकाच्या किंचित आधी बर्फावर आपटतं, स्टिक धनुष्यासारखी वाकते, आणि ती सरळ होताना साठलेला सगळा जोर पकात जातो. याला वन-टायमर म्हणतात. गोलरक्षक हलता असताना शरीराखाली, बगलेपाशी आणि खांद्यावर फटी पडतात. नेम फार बारीक नसला तरी चालतं.

मग एक बचावपटू त्याला चिकटूनच का राहत नाही? राहतात की. पण चारातला एक तिथे अडकला की उरलेल्या तिघांना चौघांशी झुंजावं लागतं. टी. जे. ओशीसारखा सहकारी मध्ये मोकळा सुटतो, वर जॉन कार्लसन असतो. म्हणून संघ मुकाट्याने हिशेब करतात आणि पुष्कळदा ओवेच्किनला शॉट देऊन गोलरक्षकावर भिस्त ठेवतात. ३१ डिसेंबर २०२१ रोजी त्याने डेव्ह आंद्रेचुकचा २७४ पॉवर प्ले गोलांचा विक्रम मोडला. तो या हिशेबाचाच परिणाम.

जेट्सनी लाइनेसाठी अगदी हाच आराखडा बसवला होता. तो डावीकडे, पलीकडून पास द्यायला ब्लेक व्हीलर. २०१७-१८ मधल्या त्याच्या ४४ पैकी २० गोल पॉवर प्लेवर आले. त्या बाबतीत तुलना खरीच होती.

८. लाइने खेळायला लागला तेव्हा अठराचा होता, ओवेच्किन वीसचा. हे लक्षात घेतलं तर लाइनेच पुढे नाही का?

वयाला वय लावलं तर हो, आणि हा मुद्दा लाइनेच्या बाजूने मांडलाच पाहिजे. अठरा-एकोणिसाव्या वर्षी लाइनेच्या नावावर एनएचएलचे ८० गोल होते. त्या वयात ओवेच्किन मॉस्कोत डायनॅमोकडून खेळत होता.

पण ओवेच्किनला उशीर झाला तो दोन कारणांनी, आणि दोन्हींवर त्याचा ताबा नव्हता. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबर ही जन्मतारखेची मर्यादा असते. त्याचा जन्म १७ तारखेचा, म्हणून २००३ ऐवजी २००४. (फ्लोरिडा पँथर्सनी २००३ मध्येच त्याला निवडायचा प्रयत्न केला होता. लीप वर्षांचे जादा दिवस मोजले तर तो वयात बसतो, असा त्यांचा युक्तिवाद. लीगने तो मानला नाही.) पुढचा २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादातल्या लॉकआउटने बुडाला. मॅथ्यूजचाही जन्म १७ सप्टेंबरचाच, १९९७ चा. तोही दोन दिवसांनी एक ड्राफ्ट हुकला आणि ते वर्ष झुरिकमध्ये खेळला.

वयाने दिलेली आघाडी टिकली नाही याची कारणं प्र. ५ आणि प्र. ११ मध्ये आहेत.

९. दोघांचा काळ वेगळा होता. २००५ मध्ये गोल करणं सोपं नव्हतं का?

काहीसं सोपं होतं. लॉकआउटनंतर लीगने अडथळा आणणाऱ्या, ओढाताण करणाऱ्या बचावाला कडक शिक्षा करायला सुरुवात केली. परिणामी २००५-०६ मध्ये प्रत्येक संघाला सामन्यामागे जवळजवळ सहा पॉवर प्ले मिळाले. लाइनेच्या पदार्पणाच्या वर्षी ते साधारण तीनच राहिले होते. ओवेच्किनच्या त्या ५२ पैकी २१ गोल पॉवर प्लेवरचे आहेत. संघाची सामन्यामागे गोलांची सरासरीही २००५-०६ मध्ये तीनच्या थोडी वर, २०१६-१७ मध्ये पावणेतीनच्या घरात.

ही सूट दिली तर लाइनेचे ३६ गोल चाळिशीकडे झुकतात आणि अंतर कमी होतं. मिटत नाही. शिवाय काळाची सूट द्यायचीच तर सर्वाधिक गोलांचा आधीचा विक्रमवीर वेन ग्रेट्झकी याच्या काळालाही लावा: १९८१-८२ मध्ये संघ सामन्यामागे सरासरी चार गोल करत होते. ओवेच्किनने मोडलेला विक्रम त्या मोकळ्या काळात उभा राहिलेला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

१०. नोव्हेंबर २०१८ मध्ये लाइनेने जे केलं ते ओवेच्किनलाही जमलं नसतं, बरोबर?

त्या महिन्यात लाइनेने १८ गोल केले. २४ नोव्हेंबरला सेंट लुइसमध्ये एकाच सामन्यात पाच, आणि तेही पाचच शॉटवर. जेट्स ८-४ ने जिंकले. पाच शॉट, पाच गोल, हे वाचतानाही अंगावर शहारे येतात.

आणि तरीही त्या हंगामाअखेर त्याची बेरीज ३० होती. नोव्हेंबर संपला तेव्हा २१, पुढच्या चार महिन्यांहून जास्त काळात ९. पाचपैकी पाच ही गोष्ट कोणाच्याच बाबतीत टिकणारी नसते. ती ओसरल्यावर खेळाडूकडे रोजचे किती शॉट उरतात हे पाहावं लागतं. लाइनेकडे तीन उरत होते.

११. पुढे लाइनेचं काय झालं?

२०१९-२० मध्ये ६८ सामन्यांत २८ गोल. जानेवारी २०२१ मध्ये जेट्सनी त्याला कोलंबस ब्लू जॅकेट्सकडे पाठवलं. बदल्यात पियेर-लुक डुब्वा आला. कोलंबसमध्ये बरे टप्पे आले, २०२१-२२ मध्ये ५६ सामन्यांत २६ गोल, पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यानंतर जानेवारीत तो लीग आणि खेळाडू संघटनेच्या मदत-कार्यक्रमात दाखल झाला. मानसिक आरोग्याकडे लक्ष देण्यासाठी हे पाऊल उचलल्याचं त्याने स्वतः जाहीर केलं. त्या हंगामात तो फक्त १८ सामने खेळला.

ऑगस्ट २०२४ मध्ये तो मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडे गेला. हंगामाआधीच्या सामन्यात गुडघा दुखावला, तरी परतल्यावर ५२ सामन्यांत २० गोल केले. त्यातले १५ पॉवर प्लेवर. तोच डावा कोपरा, तोच फटका. शॉट त्याला कधी सोडून गेलाच नाही.

१२. म्हणजे लाइने अपयशी ठरला असं म्हणायचं?

अजिबात नाही. ५३२ सामन्यांत २२४ गोल, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत. लीगमधल्या बहुसंख्य फॉरवर्डना निवृत्तीपर्यंत एवढे गोल होत नाहीत. अपयशी ठरली ती तुलना, आणि ती त्याने स्वतःवर ओढवून घेतलेली नव्हती. अठरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात इतिहासातल्या सर्वात मोठ्या गोलवीराचं नाव अडकवलं की पुढे ३० गोलांचा चांगला हंगामही पडझडीसारखा दिसू लागतो. २०१८-१९ मध्ये नेमकं तेच झालं.

१३. ओवेच्किनशी तुलना करायचीच तर मॅथ्यूजशी का करत नाही?

करायलाच हवी. पहिल्या नऊ हंगामांचा हिशेब मांडू. ओवेच्किन: ६७९ सामने, ४२२ गोल. मॅथ्यूज: ६२९ सामने, ४०१ गोल. सामन्यामागे ओवेच्किन ०.६२, मॅथ्यूज ०.६४. गोलांच्या वेगात मॅथ्यूज पुढे आहे, तोही कमी गोलांच्या काळात.

दोघांची घडण मात्र निराळी. मॅथ्यूज डाव्या हाताचा, आणि सेंटर. मध्यभागी खेळणाऱ्याला बचावासाठी खोलवर मागे यावं लागतं. २०२४ मध्ये उत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डसाठीच्या सेल्की करंडकाच्या अंतिम तिघांत तो होता. त्याचा शॉटही वेगळा. ओवेच्किनचा फटका दिसतो आणि तरी अडत नाही. मॅथ्यूजचा दिसतच नाही. तो पक शरीरापासून लांब धरतो, मग पायांजवळ झटकन ओढतो आणि त्याच हालचालीत सोडतो. बचावपटूच्या स्टिकला वळसा पडतो आणि शॉटचा कोन हातभराने बदलतो. गोलरक्षक आधीच्या कोनावर उभा असतो.

पदार्पणाच्या सामन्यात, १२ ऑक्टोबर २०१६ ला ओटावात, मॅथ्यूजने चार गोल केले होते. आधुनिक काळात पदार्पणात असं कोणी केलं नव्हतं. पुढे २०२१-२२ मध्ये ६० आणि २०२३-२४ मध्ये ६९. मारियो लेमियूच्या १९९५-९६ मधल्या ६९ नंतर तेवढे गोल कोणाचेच झाले नव्हते, आणि ओवेच्किनचा सर्वोत्तम हंगाम ६५ चा आहे.

१४. प्र. ५ प्रमाणे वाढीव टक्का खाली येतोच. मग मॅथ्यूजचा का आला नाही?

रास्त शंका आहे. ६० गोलांच्या वर्षी मॅथ्यूजचा टक्का १७.२ होता, ६९ च्या वर्षी १८.७, म्हणजे लाइनेच्या पहिल्या दोन वर्षांसारखाच. पण शॉट बघा: ३४८ आणि ३६९, सामन्यामागे साडेचारहून जास्त. वाढीव टक्का आणि भरपूर शॉट हे दोन्ही एकाच वेळी जुळलं की साठी ओलांडते. टक्का उतरला तरी शॉट असतात, म्हणून तळही वरच राहतो.

काही खेळाडूंचा टक्का खरोखरच कायम वर असतो, हेही मान्य करायला हवं. स्टीव्हन स्टॅमकॉसने २०११-१२ मध्ये ६० गोल केले तेव्हा त्याचा टक्का वीसच्या जवळ होता, आणि नंतरही तो बहुतेकांपेक्षा वरच राहिला. तेव्हा ‘टक्का वाढला, आता पडणारच’ असा नियम करू नका. दोन हंगामांवर कोणाचा टक्का खरा हे ठरत नाही. चार-पाच लागतात. शॉटची संख्या मात्र पहिल्याच हंगामात बरंच काही सांगून जाते.

१५. मग मॅथ्यूज ओवेच्किनचा विक्रम मोडेल का?

मला वाटतं नाही, आणि त्याचं कारण त्याचा शॉट नाही, त्याचं शरीर आहे. प्र. १३ मधल्या त्या नऊ हंगामांत लॉकआउट आणि कोविडने कापलेले सामने वगळून ओवेच्किनच्या संघाने ७०४ सामने खेळले, त्यातले त्याचे फक्त २५ चुकले, निलंबनं धरून. मॅथ्यूजच्या संघाने ७०० खेळले आणि त्याचे ७१ चुकले. २०२४-२५ मध्ये तो ६७ सामन्यांत ३३ गोलांवर थांबला, त्या वर्षीही दुखापत होतीच.

ओवेच्किनचा खरा पराक्रम तिशीनंतरचा आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तो तीस वर्षांचा झाला तेव्हा ४७५ गोल होते. त्यानंतरच्या दहा हंगामांत ४२२, म्हणजे पहिल्या नऊ हंगामांत झाले होते नेमके तेवढेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं, १६ सामने गेले, तरी एकोणचाळिसाव्या वर्षी ६५ सामन्यांत ४४ गोल झाले. मॅथ्यूजला तिशीनंतर असंच दुसरं आयुष्य खेळावं लागेल. गोलवीर म्हणून तो ओवेच्किनच्या तोडीचा आहे. बेरजेत गाठणं ही निराळी गोष्ट.

१६. विक्रमाचा गोल कोणता, आणि ग्रेट्झकीने तो किती सामन्यांत केला होता?

६ एप्रिल २०२५, न्यूयॉर्क आयलंडर्सचं यूबीएस अरीना, गोलरक्षक इल्या सोरोकिन, पॉवर प्ले. पलीकडून टॉम विल्सनचा पास, आणि डाव्या वर्तुळातून शॉट. प्र. ७ मध्ये सांगितलेली तीच जागा. तो ८९५ वा गोल, ग्रेट्झकीच्या ८९४ च्या पुढचा. ओवेच्किनचा तो १,४८७ वा सामना होता. ग्रेट्झकीची अख्खी कारकीर्दही बरोबर १,४८७ सामन्यांचीच. हंगामाअखेर ओवेच्किन ८९७ वर होता आणि ५ नोव्हेंबर २०२५ ला सेंट लुइसविरुद्ध त्याने ९०० पूर्ण केले.

१७. शूटआउट, रिकामी जाळी, प्लेऑफ हे सगळे गोल यात धरतात का?

शूटआउटचे, म्हणजे ओव्हरटाइमनंतरही बरोबरी राहिली तर एकेकट्याने मारायच्या फटक्यांचे, नाही. त्यांनी सामना जिंकला तरी ते खेळाडूच्या खात्यात जात नाहीत. ओव्हरटाइमचे धरतात. प्लेऑफचे गोल वेगळ्या खात्यात, साखळीच्या बेरजेत नाहीत. हरणाऱ्या संघाने गोलरक्षक काढून घेतल्यावर रिकाम्या जाळीत मारलेले गोल पूर्ण धरले जातात, आणि असे सर्वाधिक गोलही ओवेच्किनच्याच नावावर आहेत. यावरून काही जण त्याला कमी लेखतात. पण शेवटच्या मिनिटाला आघाडी राखायला प्रशिक्षक कोणाला बर्फावर ठेवतो, हेही त्यातून कळतं.

१८. नुसते गोल मोजून खेळाडू जोखणं बरोबर आहे का?

नाही, पण गोलवीराची तुलना करताना सुरुवात तिथूनच होणार. २०१८ चा वसंत बघा. लाइनेचे जेट्स उपांत्य फेरीत व्हेगास गोल्डन नाइट्सकडून हरले. प्लेऑफमध्ये लाइनेचे १७ सामन्यांत ५ गोल. त्याच व्हेगासला अंतिम फेरीत वॉशिंग्टनने पाच सामन्यांत हरवलं. ओवेच्किनचे २४ सामन्यांत १५ गोल आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक. त्याआधी बारा हंगाम त्याला ‘कप न जिंकणारा’ म्हणून हिणवलं जात होतं. तेव्हा मॅथ्यूजला किंवा लाइनेला कपवरून आत्ताच निकालात काढणाऱ्यांनी ओवेच्किनच्या त्या बारा हंगामांची आठवण ठेवावी.

१९. आमचा मुलगा कॅनडात हॉकी खेळतो आणि त्याला सगळे ‘गोल मशीन’ म्हणतात. पालक म्हणून काय पाहावं?

गोल तो सांगेलच. तुम्ही गॅलरीत बसून त्याचे शॉट मोजा, आणि पक त्याच्याकडे कसा आला ते बघा: दुसऱ्याने आणून दिला की त्याने कडेला झगडून मिळवला. ज्या सामन्यात गोल झाला नाही त्या सामन्यातही चार-पाच चांगले शॉट असतील तर काळजीचं कारण नाही. आणि त्याला कोणाचंही नाव चिकटवू देऊ नका (प्र. १२).

२०. लॉकआउट आणि कोविड नसते तर ओवेच्किन एव्हाना हजारावर गेला असता ना?

२००४-०५ चे ८२ सामने, २०१२-१३ च्या लॉकआउटमधले ३४, २०१९-२० चे १३, २०२०-२१ चे २६, असे एकूण १५५. त्याच्या सामन्यामागे ०.६ च्या वेगाने साधारण ९३ गोल. २०२५ च्या वसंतातल्या ८९७ मध्ये मिळवले तर ९९०. म्हणजे हजाराच्या उंबरठ्यावर, आत नाही.

पण अशी भर एकालाच घालता येत नाही. ग्रेट्झकीचाही १९९४-९५ चा हंगाम लॉकआउटने ४८ सामन्यांवर आला होता. आणि एनएचएलमध्ये यायच्या आधी, १९७८-७९ मध्ये, त्याने डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये ४६ गोल केले होते. ती लीग बंद पडली आणि ते गोल एनएचएलच्या खात्यात कधीच धरले गेले नाहीत. तेही धरायचे म्हटलं तर ओवेच्किनला ९४० च्या पुढे जावं लागेल.